मोडी शिकवणारं खातं आणि विद्यार्थिदशेतली तीन वर्षं

विभागातल्या ज्युनिअर मुली हल्ली हटकून एकच विचारतात, "ताई, फॉलोअर कसे वाढवलेस?" वर्गाबाहेर उभ्या उभ्या सांगावं असं उत्तर माझ्याकडे नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी इन्स्टाग्रामवर मोडी लिपी शिकवणारं खातं उघडलं. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या खात्यातून झालेल्या कमाईचं पहिलं आयकर विवरणपत्र भरलं. मधे काय काय झालं, किती थांबावं लागलं, पैसे कुठे गेले आणि कुठून आले, ते सगळं क्रमाने लिहिते. आपल्या आवडीच्या विषयावर काही सुरू करायचंय पण कुठून धरावं ते कळत नाही, अशा मुलामुलींना उपयोग व्हावा एवढाच हेतू आहे. आज इन्स्टाग्रामवर साठ हजारांच्या वर आणि यूट्यूबवर वीस हजारांच्या आसपास लोक आहेत. नाचगाण्याच्या किंवा खाण्याच्या खात्यांपुढे हा आकडा लहान आहे. मोडीसाठी मात्र तो मला पुष्कळ वाटतो.

माझं घर सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. पणजोबांचं किराणा दुकान होतं आणि त्यांच्या मोडीतल्या वह्या माळ्यावरच्या ट्रंकेत पडून होत्या. घरात त्या कुणालाच वाचता येत नव्हत्या. २०२२ च्या मे महिन्यात सुट्टीत मी पुण्यात मोडीचा प्रशिक्षण वर्ग केला. बाराखडी आठवड्याभरात बसली. वेग यायला पुढे वर्ष गेलं. खातं उघडलं ते खरं तर सरावासाठी. रोज एक शब्द लिहायचा आणि टाकायचा, म्हणजे खंड पडणार नाही.

खर्च थोडा होता. अप्पा बळवंत चौकातून बोरू, शाई आणि जाड कागद आणला. मोबाईल वरून खाली धरणारा स्टँड साडेचारशे रुपयांना मिळाला. कॉलर माइक मी सहा महिन्यांनी घेतला, नऊशे रुपयांचा. रिंग लाइट आजही घेतलेला नाही. सकाळी साडेसात ते नऊ या वेळात खोलीच्या खिडकीतून येणारा उजेड पुरतो. एक गोष्ट मात्र पहिल्याच आठवड्यात पक्की केली: खिडकी डाव्या हाताला हवी. उजव्या हाताने लिहिताना खिडकी उजवीकडे असली की हाताची सावली नेमकी अक्षरावर पडते आणि बघणाऱ्याला बोरूचं वळण दिसतच नाही. आवाज वेगळा रेकॉर्ड करायचे, रात्री, गोधडी डोक्यावरून घेऊन. सदाशिव पेठेतल्या खोलीत आम्ही तिघी होतो आणि खाली रस्त्यावर हॉर्न थांबत नसत. संकलन मोबाईलवर इनशॉट या ॲपमध्ये. मराठी अक्षरपट्टी (सबटायटल) आपोआप बरोबर येत नाही, म्हणून ती हाताने टाइप करायची. याला सगळ्यात जास्त वेळ जातो, पण आमचे निम्मे प्रेक्षक बसमध्ये किंवा ऑफिसात आवाज बंद करून बघतात. अक्षरपट्टी सोडू नका.

पहिले रील मी इतिहासावर केले. मोडी हेमाडपंताने आणली असं परंपरा सांगते, शिवकाळात आणि पेशवाईत कारभार मोडीत चालायचा, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांमध्ये ती शिकवत असत, अशी सगळी माहिती. ते रील माझ्या मैत्रिणींनी, दोन मावश्यांनी आणि मोडीच्या सरांनी पाहिले. दिवाळीपर्यंत फॉलोअर दोनशेच्या आत होते. त्या दिवसांत मी रात्री झोपण्याआधी आणि सकाळी उठल्या उठल्या आकडा बघायचे. एखादा कमी झालेला दिसला की तो कोण असेल याचा विचार करत बसायचे. ज्यांना आत्ता असं होतंय त्यांना सांगते, हे होतंच, आणि पुढे आकडा मोठा झाल्यावर आपोआप कमी होतं.

बदल झाला तो पद्धतीत. डिसेंबरात मी माहिती सांगणं थांबवलं आणि लिहून दाखवायला लागले. मोडी लिहिताना शिरोरेषा आधी मारतात, कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जातात. शब्दांमध्ये जागा नसते, विरामचिन्हं नसतात, हात शक्यतो उचलायचा नाही. हे बोलून सांगितलं तर कुणी ऐकत नाही. पण आधी नुसती एक रेघ दिसते, मग बोरू खाली उतरतो आणि न थांबता अख्खं वाक्य उमटत जातं, तेव्हा माणूस शेवटपर्यंत बघतो. प्रत्येक रीलच्या शेवटी मी एक शब्द लिहून सोडायला लागले, "हा वाचा." उत्तर कमेंटमध्ये. लोक थांबायचे, परत बघायचे, मित्राला पाठवायचे. मोडीला २०१४ पासून युनिकोडमध्ये जागा आहे, तरी बऱ्याच मोबाईलवर टाइप केलेली मोडी नुसते चौकोन दाखवते. त्यामुळे लोक कागदावर लिहून त्याचा फोटो मला पाठवायला लागले. इनबॉक्समध्ये असे गृहपाठ येऊ लागले तेव्हा फॉलोअर तीनशेसुद्धा नव्हते. मला विचाराल तर त्या तीन वर्षांतला सगळ्यात चांगला काळ तोच.

जानेवारी २०२३ मध्ये एक रील दोन लाखांच्या वर गेलं. विषय साधा होता. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नाही, इकार एकच आणि उकारही एकच. शाळेत शुद्धलेखनाचे मार्क गेलेल्या प्रत्येक मराठी माणसाने ते आपल्या बाईंना किंवा भावंडांना पाठवलं असावं. एका आठवड्यात सहाशेचे तीन हजार झाले. मी रात्रभर जागी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या तासाला बसले होते आणि मोबाईल पिशवीत थरथरत होता.

मोठ्या रीलनंतरची घसरण कुणी सांगत नाही म्हणून सांगते. पुढचे कितीतरी रील पुन्हा हजार-दीड हजारांवरच राहिले. आपण संपलो असं वाटतं. तसं काही नसतं. नवीन आलेले लोक त्या एका गमतीसाठी आलेले असतात. त्यातले जे विषयासाठी राहतात ते हळूहळू कळतात. तेव्हा मी खातं प्रोफेशनल करून घेतलं. त्याला पैसे पडत नाहीत, सेटिंगमध्ये जाऊन 'क्रिएटर' निवडायचं. मग कुठलं रील किती जणांनी जपून ठेवलं, कितव्या सेकंदाला लोक निघून गेले, ते दिसतं. माझं निरीक्षण असं की लाइक फसवतात. जपून ठेवलेले आणि पुढे पाठवलेले रील हेच खरे उपयोगाचे. पुढे जानेवारी २०२५ मध्ये इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनीही बघण्याचा वेळ आणि पुढे पाठवणं यांना महत्त्व असल्याचं सांगितलं, त्यांच्या यादीत लाइकही होते. जून २०२३ मध्ये भारतात निळ्या टिकचं वर्गणीवालं खातं आलं, मोबाईलवर महिना ६९९ रुपये. मी घेतलं नाही. तेवढ्यात आमच्या खोलीचं महिन्याचं वीजबिल भागायचं.

एप्रिल २०२३ च्या परीक्षेआधी मी तीन आठवडे काहीच टाकलं नाही. आधी फार भीती वाटत होती, सगळं खाली येईल म्हणून. वाढ थांबली, पण सोडून फारसं कुणी गेलं नाही. "परीक्षा आहे, मे महिन्यात भेटू" असं एका कागदावर मोडीत लिहून टाकलं होतं. त्याखाली शेकडो लोकांनी मोडीत "शुभेच्छा" लिहून फोटो टाकले. विद्यार्थ्यांनी आपला अभ्यास लपवायची गरज नाही, लोक समजून घेतात. बाबांना मात्र हे पटायला वेळ लागला. ते एसटीत आहेत, ड्युटीवर लोक त्यांना माझे रील दाखवायचे. घरी आल्यावर ते फक्त विचारायचे, "मार्क किती?" मार्क ठीक होते म्हणून पुढचं चाललं, हे मान्यच करायला हवं. आठवड्यात दोन रील, त्यासाठी शनिवारची सकाळ आणि बुधवारची रात्र, बाकी वेळ पुस्तकं, असं वेळापत्रक तेव्हा ठरलं ते अजून टिकून आहे.

मग २०२३ चा दिवाळीचा मोसम आला. सप्टेंबरात शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली होती आणि जुन्या दप्तरांतल्या कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं होतं. पुढे ते राज्यभर गेलं. जुने कागद मोडीत आणि उर्दूत. एकाएकी गावोगाव मोडी वाचणाऱ्याला मागणी आली. तहसीलच्या अभिलेख कक्षाबाहेर रांगा लागल्याच्या बातम्या रोज येत होत्या. माझं खातं चार हजारांवर होतं, ते महिन्याभरात वीस हजारांवर गेलं. मी वेगळं काहीच केलं नव्हतं. लोकांना गरज होती आणि शोधल्यावर माझं नाव समोर येत होतं.

त्या महिन्यात इनबॉक्स उघडायची धास्ती वाटायची. गाव नमुना चौदाची पानं, कोतवाल बुकातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी, खरेदीखतं, गहाणखतं, वाटणीपत्रं. झेरॉक्सची झेरॉक्स, त्यावर मोबाईलची सावली, कडेचा अर्धा रकाना कापलेला. "ताई, एवढं एकच नाव बघा, मुलाच्या ॲडमिशनचा प्रश्न आहे." एका सत्तरीच्या गृहस्थांनी सलग "मॅडम, मॅडम" म्हणून लिहिलं होतं. मी वीस वर्षांची होते. "आजोबा, मला अगं म्हणा," असं कळवलं आणि रडायला आलं, कारण त्यांना हवं ते मी करू शकत नव्हते.

का करू शकत नव्हते ते नीट सांगते, कारण प्रत्येक विषयाच्या खात्याला ही वेळ कधी ना कधी येते. मोडीत घाईने लिहिलेली काही अक्षरं एकमेकांसारखी दिसतात. नावं, आडनावं, जात, गटाचा आकार, या गोष्टींत एका अक्षराने माणसाचं आयुष्य बदलतं. अधिकृत कामाला अधिकृत मोडीवाचकाचं, सहीशिक्क्याचं लिप्यंतर लागतं. इन्स्टाग्रामवरच्या मुलीने लिहून दिलेल्याला किंमत नाही. आणि जमिनीचा कागद भावकीतल्या भांडणात कुठल्या बाजूने वापरला जाईल ते मला कळणार नाही. मी सरांकडे गेले. सरांनी माझ्याकडून एक उत्तर लिहून घेतलं, तेच मी जपून ठेवलं आणि प्रत्येकाला पाठवलं: "जात, नातं आणि जमीन यांच्या नोंदी मी वाचत नाही. तुमच्या तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात अधिकृत मोडीवाचकाची चौकशी करा. मूळ कागदाची प्रमाणित प्रत घ्या, मोबाईलवर फोटो पाठवू नका. तुम्हाला स्वतः मोडी शिकायची असेल तर मी शिकवेन." बरेच लोक समजुतीने "बरं" म्हणाले. काहींनी शिव्या दिल्या. "चार फॉलोअर झाले तर माज आला" हे वाक्य मला पाठ झालं. एक मैत्रीण रोज संध्याकाळी अर्धा तास माझा मोबाईल घेऊन बसायची, शिव्या असलेले निरोप मी बघायच्या आधी पुसायची. असं एखादं माणूस जवळ असू द्या.

आता मागे वळून बघताना वाटतं, आपण काय करणार नाही हे गर्दी येण्याआधी लिहून ठेवावं. गर्दी आली की ती आपल्याला हवं तिकडे ढकलते, आणि तिचं चुकत असतं असंही नाही. तिची गरज खरी असते. मी त्या महिन्यात पाचशे रुपये घेऊन नोंदी वाचायला बसले असते तर मोबाईलच काय, लॅपटॉपही आला असता. पण शिकवणं तिथेच बंद पडलं असतं.

हे पैसे दुसऱ्या कुणीतरी कमावले. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका ताईंचा निरोप आला, "५०१ रुपये पाठवले, वाचून कधी देणार?" माझाच फोटो, नावात फक्त एक टिंब जास्त, आणि खाली पैसे भरायचा क्यूआर. असं झालं तर काय करायचं ते लिहून ठेवते. आधी त्या खात्याचे, क्यूआरचे, निरोपांचे स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ दिसेल असे. मग ॲपमधून 'दुसऱ्याची बतावणी' या कारणाखाली तक्रार करा, आणि फॉलोअरांनाही करायला सांगा. त्याखेरीज कंपनीच्या भारतातल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज जातो. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे तेव्हा चोवीस तासांत पोच आणि पंधरा दिवसांत निकाल अशी मुदत होती, आणि बतावणीच्या तक्रारीत तर चोवीस तासांतच कारवाई अपेक्षित होती. निकाल न पटल्यास तक्रार अपील समितीकडे जाता येतं, तीस दिवसांच्या आत. पैशांची फसवणूक झालेल्या माणसाने मात्र थांबू नये, १९३० वर लगेच फोन करावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. त्या ताईंनी केली, त्यांना पोच क्रमांक मिळाला. माझी तक्रारही मी तिथे नोंदवली. बनावट खातं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बंद झालं. ताईंचे पैसे परत आले का ते नंतर कळलं नाही.

त्याच सुमारास "तुमच्या पोस्टवर कॉपीराइटची तक्रार आहे, चोवीस तासांत हा फॉर्म भरा" असे निरोप यायला लागले. ते चोरांचे असतात. आमच्याच वर्गातल्या एका मुलीचं स्वयंपाकाचं खातं अशाच एका लिंकमुळे गेलं, दीड वर्षाची मेहनत. दोन टप्प्यांची पडताळणी आज चालू करा, आणि बॅकअप कोड कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवा. माझे आईच्या पोथीच्या रुमालात आहेत.

यूट्यूब मी जानेवारी २०२४ पासून धरलं. रीलमध्ये मोडी आवडते, पण शिकता येत नाही. त्यासाठी वीस-पंचवीस मिनिटांचे धडे हवेत. तिथे वाढ संथ असते पण माणूस टिकतो. जाहिरातीतून पैसे मिळायला एक हजार सदस्य आणि बारा महिन्यांत चार हजार तास बघितलं जाणं, किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज, अशी अट आहे. चार हजार तास हा आकडा ऐकून मी हबकले होते. बाराखडीच्या धड्यांनी तो ऑगस्टात पूर्ण केला, कारण लोक वही घेऊन बसतात आणि तोच धडा चार-चार वेळा लावतात. अर्ज केला, दोन आठवड्यांत मंजूर झाला.

पुढचं कागदोपत्री काम कुणी नीट सांगत नाही, म्हणून जरा तपशिलात. ॲडसेन्सचं, म्हणजे गूगलकडून जाहिरातीचे पैसे ज्यात जमतात ते खातं पॅन कार्डावर आहे त्याच नावाने काढा, स्पेलिंगसकट. दहा डॉलर जमले की साध्या टपालाने सहा आकडी पिन येतो. मी पत्ता कोरेगावचा दिला होता, कारण पुण्यातली खोली दरवर्षी बदलते. पिन तीन आठवड्यांनी आला आणि बाबांनी तो फोनवर वाचून दाखवला, एकेक आकडा दोनदा म्हणून. मग कराचा फॉर्म. अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून मिळणाऱ्या भागावर तिथे कर कापतात. डब्ल्यू-८ बेन हा फॉर्म पॅन क्रमांक देऊन भरला आणि भारत-अमेरिका कराराचा लाभ मागितला तर तो पंधरा टक्के राहतो. न भरल्यास कपात जास्त आणि सगळ्या कमाईवर होऊ शकते. माझे काही विद्यार्थी न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियातले मराठी लोक आहेत, त्यामुळे मला हे लागू होतंच. शेवटी बँक. परदेशातून रक्कम यायला स्विफ्ट कोड लागतो आणि लहान शाखांना तो नसतो. आमच्या शाखेत मला दोनदा "आमच्याकडे असं काही येत नाही" असं सांगून परत पाठवलं. तिसऱ्या वेळी एका काकूंनी जिल्ह्याच्या मुख्य शाखेचा कोड काढून दिला. रक्कम आल्यावर ती कशाची हे विचारणारा एक फॉर्मही बँक भरून घेते, त्यात जाहिरातीचं उत्पन्न असं लिहायचं.

शंभर डॉलर झाल्याशिवाय पैसे निघत नाहीत, आणि निघाले की महिन्याच्या २१ ते २६ तारखेदरम्यान निघतात. जानेवारी २०२५ मध्ये पहिली रक्कम जमा झाली, बँकेचा आकार वजा जाता साडेआठ हजारांच्या आत-बाहेर. पहिल्या रीलपासून अडीच वर्षांनी. ज्यांना फीची सोय म्हणून हे करायचं असेल त्यांनी हा काळ ध्यानात घ्यावा आणि दुसरी सोय सोडू नये. मी त्या पैशातून आईला इस्त्री आणि स्वतःला मोडीचा शब्दकोश घेतला.

जाहिरातदार त्याआधीच यायला लागले होते. पहिलं काम स्पर्धा परीक्षेच्या एका ॲपचं, एका रीलचे चार हजार. करार म्हणजे एक ईमेल. पैसे मिळायला अडीच महिने आणि बरीच स्मरणपत्रं लागली. आता मी निम्मे पैसे आधी घेते आणि रील किती दिवस राहील, ते दुसरीकडे वापरायचं का, हे लिहून घेते. पैसे किंवा भेटवस्तू घेऊन काही दाखवलं तर तसं स्पष्ट लिहावं लागतं. जाहिरात मानक परिषदेची मार्गदर्शक तत्त्वं जून २०२१ पासून लागू आहेत आणि जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागानेही सूचना काढल्या. मी रीलच्या वरच्या कोपऱ्यात 'जाहिरात' असं मराठीत लिहिते. त्यामुळे व्ह्यूज कमी होतात अशी भीती घालतात, माझा अनुभव तसा नाही. पत्ते आणि बेटिंगच्या ॲपवाल्यांनी मात्र एका रीलला देऊ केलेला आकडा माझ्या वर्षाच्या भाड्याएवढा होता. माझ्या खात्यावर आठवी-नववीतली मुलं आहेत, गृहपाठ पाठवतात. नकार द्यायला विचार करावा लागला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदीचा कायदाच झाला, तेव्हा आता तो प्रश्नही उरला नाही.

२०२४-२५ या आर्थिक वर्षात सगळं मिळून चाळीस हजारांच्या आतच आलं. कर लागायचा प्रश्न नव्हता, विवरणपत्राची सक्तीही नव्हती. पण परदेशातून रक्कम आली होती आणि पुढच्या वर्षांसाठी नोंद असावी म्हणून भरलं. त्या वर्षी समाजमाध्यमांवरच्या इन्फ्लुएन्सरसाठी १६०२१ असा वेगळा कोड विवरणपत्रात आला होता. साताऱ्याच्या सीए ताईंनी तो दाखवला, बाराशे रुपये घेतले. मुदत वाढून १५ सप्टेंबर झाली होती, शेवटच्या आठवड्यात संकेतस्थळ फार हळू चालत होतं. तुम्ही जुलैतच उरका. भरल्यावर तीस दिवसांत आधारच्या ओटीपीने पडताळणी करायची असते, ती राहिली तर भरलेलं धरत नाहीत.

या सगळ्यात मोडीचं काय झालं? ट्रंकेतली एक रोजकीर्द, म्हणजे रोजच्या हिशेबाची वही, आता मी सलग वाचू शकते. शके १८४९ ची, म्हणजे १९२७-२८ सालची. वर 'श्री', खाली गुळाची ढेप, मीठ, काड्यापेट्या, कुणाकडे किती बाकी. एका पानावर हिशेबाच्या मधेच "चि. सौ. ताईस माहेरी पोचविले" एवढंच लिहिलंय आणि त्या दिवशीची विक्री कोरी आहे. ते पान मी रीलमध्ये दाखवलं. टोरांटोहून एका काकांनी आपल्या आजोबांच्या वहीचा फोटो पाठवला. मी वाचून दिला नाही, धड्यांची यादी पाठवली. चार महिन्यांनी त्यांनी स्वतः वाचलेलं पान टाइप करून पाठवलं, तीन शब्द अडलेले, खाली लाल रेघ मारलेली. त्यातले दोन मला आले, तिसरा सरांना विचारावा लागला.

कागद दाखवताना एक पथ्य. घरची वही असेल तर घरच्यांना विचारून दाखवा, बाकीदारांची नावं झाका, त्यांची नातवंडं गावातच असतात. संग्रहालयातला किंवा अभिलेखागारातला कागद वाचायला मिळाला म्हणजे तो खात्यावर टाकायची परवानगी मिळाली असं होत नाही. आधी लेखी विचारा. बाहेरचा कागद दाखवायचा असेल तेव्हा मी त्याच वळणाचा नमुना स्वतः लिहून दाखवते.

आता एम.ए.चं दुसरं वर्ष आहे आणि प्रबंध सुरू झालाय, म्हणून आठवड्याला एकच रील आणि महिन्याला एक धडा. आकडा त्यामुळे फारसा हलत नाही. निरोपांना उत्तरं रविवारी सकाळी दहा ते बारा देते. मोडीचं एखादं अक्षर अडलं असेल तर त्या वेळेत फोटो पाठवा, शिरोरेषेसकट, सरळ वरून काढलेला. सातबारा आणि खरेदीखतं कृपया पाठवू नका.